ऐकून समजणे : अकरा

केतकीच्या निकालाचा कागद आमच्या फ्रिजवर सबंध हिवाळाभर चिकटवलेला होता. डोळ्यासमोर राहिला की सुधारणा होते, असं बाबांचं म्हणणं. त्या कागदावर तीन आडव्या पट्ट्या होत्या. गणिताची पट्टी चौऱ्याऐंशीपर्यंत गेली होती, वाचनाची एकाहत्तरपर्यंत, आणि तिसरी, ऐकून समजण्याची, अकरावर येऊन दम लागल्यासारखी थांबली होती. केतकी माझी धाकटी बहीण, तेव्हा दुसरीत होती, सात वर्षांची. आज पंचेचाळिशीला टेकल्यावर त्या तीन पट्ट्या मला कुणी नाव न सांगता दाखवल्या तरी मी सांगेन, की बाबांनो, या मुलीचे कान तपासा. त्या कागदात याहून वेगळं काहीच लिहिलेलं नव्हतं. पण आमच्या घरात आईची एक आणि बाबांची एक अशा इंजिनिअरिंगच्या दोन पदव्या होत्या आणि शिवाय मी होते, चौथीच्या स्कॉलरशिपला सातारा केंद्रात दुसरी आलेली. एवढी विद्वत्ता एका छपराखाली जमल्यावर सरळ लिहिलेली गोष्ट कुणाला दिसणार?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या ईडन प्रेरी गावातलं आमचं घर म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या आठ घरांतलं पाचवं. घराला स्वतःचा असा एक आवाज होता. खाली बेसमेंटमध्ये घर तापवणारी फर्नेस घुंईं करून सुरू व्हायची, मग भिंतीतल्या पत्र्यांमधून गरम हवा कुरकुरत वर यायची, त्यात ड्रायरमध्ये बाबांच्या पॅंटच्या खिशात राहिलेलं नाणं खणखणत असायचं, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे आमचा धुराचा अलार्म. स्वयंपाकघराच्या अगदी तोंडाशी छताला तो बसवलेला होता. फोडणीत मोहरी तडतडून मिरच्या पडल्या रे पडल्या, की तो केकाटायला लागे. मग आमची कवायत ठरलेली होती. आईनं कढई उचलायची, मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालायचा आणि बाबांनी मागचं दार उघडायचं. दारातून बर्फाळ हवेचा लोट आत आला की आई म्हणायची, झालं, आता आमटी पुन्हा गरम करा. या सगळ्या धुमश्चक्रीत केतकी जेवणाच्या टेबलाशी चित्रं रंगवत बसलेली असायची. ती मान वर करायची नाही. बाबा कौतुकानं बघत राहायचे. मला म्हणायचे, याला म्हणतात एकाग्रता, तू अभ्यासाला बसलीस की पान हललं तरी उठतेस. मला त्या एकाग्रतेचा मनापासून हेवा वाटायचा. मी एकदोनदा गुपचूप प्रयत्नही केला, अलार्म वाजत असताना पुस्तकात डोकं घालून बसण्याचा. मला काही ते जमलं नाही.

तिचा डावा कान थंडीत वाहायचा. सातारच्या घरीही वाहायचा, तेव्हा कुणाला त्याचं विशेष काही वाटलं नव्हतं. इथं आल्यावर दोनदा डॉक्टरकडे नेलं, दोन्ही वेळा गुलाबी गोडसर औषध मिळालं, कान कोरडा झाला, आणि महिन्याभरानं पुन्हा वाहायला लागला. तिसऱ्यांदा आई म्हणाली, ते परत तेच औषध देणार, त्यापेक्षा आपलं तेल बरं. छोट्या पळीत तेल घ्यायचं, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या लाल होईपर्यंत तळायच्या, पळी खाली उतरवून करंगळी बुडवता येईल इतपत निवू द्यायचं, दोन थेंब सोडायचे आणि वर कापसाचा बोळा. केतकी आईच्या मांडीवर डोकं ठेवून निमूट पडून राहायची. मला ते दृश्य आवडायचं, कारण तळलेल्या पाकळ्या नंतर मला खायला मिळायच्या. त्या तेलाच्या वासाखाली आणखी एक वास असायचा, तिच्या उशीच्या अभ्र्याला येणारा, पाणी न बदललेल्या फुलदाणीसारखा. आई अभ्रे धुवायची आणि म्हणायची, सर्दी उतरली कानात. तो वास मला आजही आठवतो, आणि आठवला की मी जे काही खात असेन ते बाजूला ठेवते.

कागद आल्यावर आठवड्याभरात शाळेनं बोलावलं. केतकीच्या वर्गशिक्षिका मिसेस लिंडक्विस्ट म्हणजे उंच, हळू बोलणाऱ्या, स्वेटरवर बर्फाचे तारे विणलेल्या बाई. मला बरोबर नेलं होतं, कारण परीक्षांच्या बाबतीत घरात माझ्या शब्दाला वजन होतं. दुसरीच्या मुलांच्या खुर्च्यांवर आम्ही बसलो होतो. बाबांचे गुडघे छातीशी आले होते, पण त्यांनी सोबत आणलेल्या फाइलीतून एक तक्ता काढला. निकालाचे सगळे आकडे त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर भरून त्यांचा आलेख केला होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, वर्गात हिचा नंबर कितवा? बाई म्हणाल्या, आम्ही नंबर काढत नाही. बाबांनी समजूतदारपणे मान हलवली आणि मग निकालाच्या पाठीवर घंटेच्या आकाराची रेघ काढून, देशभरातल्या शंभर मुलांत अकरा म्हणजे नेमकं कुठं, हे बाईंना समजावून सांगितलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या बिचाऱ्या दरवर्षी शेकड्यानं असले कागद वाचत असणार. मग त्या म्हणाल्या, गणितात ही एवढी वर आणि ऐकण्यात एवढी खाली, ही दरी मला अस्वस्थ करते. मी वर्गात बोलताना ती माझ्या तोंडाकडे बघते आणि मी फळ्याकडे वळले की ती हरवते. शाळेच्या नर्सनं केलेल्या कानाच्या तपासणीतही थोडी शंका होती. नीट तपासून घेऊ या. असं म्हणून त्यांनी एक फॉर्म पुढे सरकवला. पालकांच्या संमतीचा.

तो फॉर्म अजून बाबांच्या निळ्या फाइलीत आहे. मागच्या वर्षी मी तो बघितला. काय काय तपासायचं त्याच्या चौकटी आहेत आणि पहिल्याच चौकटीत, ‘श्रवण’ अशा अर्थाच्या शब्दापुढे, बाईंनी पेनानं ठसठशीत खूण केलेली आहे. पण फॉर्मच्या माथ्यावर जाड अक्षरांत ‘स्पेशल एज्युकेशन’ असे दोन शब्द होते, मागे पडणाऱ्या मुलांच्या वेगळ्या वर्गाचं नाव. बाबांनी ते वाचले आणि फॉर्मची घडी घातली. आम्ही घरी बघतो, म्हणाले.

आम्ही गाडीतून घरी निघालो. मग सिग्नलला थांबल्यावर बाबांनी स्वतःहून त्यांच्या शाळेची गोष्ट सांगितली, जी मी तोवर कधी ऐकली नव्हती. चौथीच्या वार्षिक परीक्षेच्या वेळी त्यांना टायफॉइड झाला होता. पाचवीत हायस्कूलला गेले तेव्हा मार्क नव्हते, म्हणून त्यांना ड तुकडीत टाकलं. अ तुकडीत वकील-डॉक्टरांची मुलं, ब आणि क मध्ये बाकीची, आणि ड मध्ये राहिलेली. ड च्या वर्गात गणिताचे सर आठवड्यातून एकदा डोकावायचे. मागच्या भिंतीला शिक्षकांच्या सायकली लावलेल्या असायच्या, कारण तेवढा वर्ग रिकामाच धरलेला. शिक्षकांना मुलांची नावंसुद्धा माहीत नव्हती, सगळ्यांना मिळून एकच हाक होती, ती मी इथं लिहीत नाही. तिथून अ तुकडीत यायला बाबांना चार वर्षं लागली. त्यांच्याबरोबर त्या वर्गात असलेल्या कुणाचंही पुढे काही झालं नाही, असं ते म्हणाले.

आई मागच्या सीटवर केतकीशेजारी बसली होती. ती म्हणाली, “अहो, पण त्या कानाचं काहीतरी म्हणत होत्या.”

“कानाचं निमित्त गं. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून. हे लोक सरळ बोलतात का कधी?”

यात त्यांचं अगदीच चुकलं होतं असंही नाही. मिनेसोटातली माणसं ‘तुमचं घर जळतंय’ हे सांगायलाही आधी हवेबद्दल दोन वाक्यं बोलतात. बाबांच्या ऑफिसात ‘कल्पना रंजक आहे’ याचा अर्थ ‘कल्पना टाकाऊ आहे’ असा असतो, हे शिकायला त्यांना वर्ष लागलं होतं. त्या नव्या शिकलेल्या शहाणपणानं त्यांनी बाईंचं बोलणं उलगडून बघितलं, आणि त्या दिवशी नेमकी ती बाई अक्षरशः खरं तेच सांगत होती. शिवाय आमच्या ओळखीच्या शोभाकाकूंनी फोनवर आईला सांगितलंच, की एकदा त्या वर्गात गेलं की मूल बाहेर येत नाही, फाइलीवर शिक्का बसतो तो कॉलेजपर्यंत. शोभाकाकूंना मूलबाळ नव्हतं, पण माहिती सगळी असायची.

तर वसंतात पुन्हा तीच परीक्षा होणार होती, आणि तोवर अकराचे निदान पन्नास करायचे असं घरात ठरलं. आमच्या डोक्यात परीक्षा म्हटलं की एकच गोष्ट होती, ती म्हणजे तयारी. मूल कुठं अडतंय ते शोधायला कुणी परीक्षा घेत असेल, आणि तिची तयारी करणं म्हणजे थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरला म्हणणं आहे, हे आमच्या सात पिढ्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तयारीसाठी शिक्षक घरातच होता. मी बारा वर्षांची होते, सातवीत. नव्या शाळेत मला मित्रमैत्रिणी नव्हत्या, माझ्या उच्चारांना मुलं हसायची, आणि आपण कधीकाळी केंद्रात दुसऱ्या आलो होतो हे सांगावं असं जवळपास एकही माणूस नव्हतं. अशा माणसाला कुणी मास्तरकी देऊ करावी म्हणजे दुष्काळात जेवणाचं आमंत्रण. रोज संध्याकाळी सहा ते सात, बेसमेंटमध्ये, फर्नेसशेजारी. मी आईचं उलथणं छडी म्हणून वापरायचे. बाबांनी लायब्ररीतून गोष्टींची पुस्तकं आणि कुठून तरी सरावाच्या प्रश्नपत्रिका आणल्या. परीक्षा अशी असायची: बाई एक छोटी गोष्ट मोठ्यानं वाचतात, मग प्रश्न वाचतात, आणि मुलांच्या कागदावर फक्त उत्तराचे चार पर्याय किंवा चार चित्रं असतात, त्यातला एक गोल काळा करायचा.

पहिल्या दिवशी मी पुस्तक तोंडासमोर धरून वाचलं. केतकीला दहापैकी दोन आले. मी चिडले. ती म्हणाली, “ताई, तोंड दाखव ना.” मी पुस्तक खाली धरून तीच गोष्ट वाचली. दहापैकी नऊ. मग मी दुसरी गोष्ट घेतली, पुस्तक वर. तीन. पुस्तक खाली. दहा. मी हुशार मुलगी होते. मी उठून तिच्या मागे गेले आणि तिचं नाव घेतलं. एकदा, मग जरा मोठ्यानं, मग वाकून तिच्या डाव्या कानाजवळ. ती रंगीत पेन्सिलीला टोक करत होती. टोकाचा गुंडाळलेला लाकडी पापुद्रा न तुटता किती लांब येतो हे ती बघत होती.

मला तेव्हा कळलं होतं. हे वाक्य मी आजवर कुणासमोर उच्चारलेलं नाही आणि लिहिलेलंही नाही. पुढे घरात या विषयावर जेव्हा जेव्हा बोलणं निघालं तेव्हा ‘आपल्याला कुणालाच कळलं नाही’ असंच सगळे म्हणत आले, आणि त्या ‘सगळ्यां’त मी मुकाट्यानं बसत आले. मी तसं म्हटलं तर सांगितलंही. त्याच दिवशी जेवताना मी बाबांना म्हटलं, की तिला मागून बोललेलं बहुतेक नीट ऐकू येत नाही. बाबा वरणभात कालवत होते. ते म्हणाले, मग पुढच्या बाकावर बसायला सांग. मला हायसं वाटलं. मोठ्या माणसाला सांगून झालं, त्यानं उपायही सांगितला, आता माझं काम परीक्षेचं. मला दुखणं सापडलं होतं आणि मी त्यावर क्लुप्त्या शोधायला बसले.

क्लुप्त्या मला पुष्कळ येत होत्या. सातारला आमच्या बाईंनी स्कॉलरशिपसाठी वर्षभर आमच्याकडून त्याच घोटून घेतल्या होत्या. प्रश्न कळला नाही तरी उत्तर कसं काढायचं, यात मी तरबेज होते. मी केतकीला शिकवलं, की बाई वाचायला लागायच्या आधी चारही पर्याय वाचून टाकायचे, त्यावरूनच गोष्ट कशाची आहे ते समजतं. तीन चित्रांत कुत्रा असेल आणि एकात मांजर, तर गोष्ट कुत्र्याची, मांजर खोडायचं. उरलेल्या तिघांत ज्यात सर्वांत जास्त काही घडत असेल ते धरायचं. बाई कुठल्या ओळीला हसल्या, कुठं भुवई वर गेली, ते बघायचं. शेजारच्या मुलाची पेन्सिल कधी हलली ते बघायचं, कुठल्या गोलावर हलली ते बघायचं नाही, ती कॉपी होते. माझी नीतिमत्ता अशी काटेकोर होती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे गोल कधीही रिकामा सोडायचा नाही. काही कळलं नसेल तरी आत्मविश्वासानं काहीतरी भरायचं, थांबायचं नाही, विचारायचं नाही, ‘मला कळलं नाही’ असं तर अजिबात म्हणायचं नाही. हे शेवटचं मी तिच्याकडून म्हणवून घ्यायचे, उलथणं टेबलावर आपटून. टेबलाच्या लाकडातून हादरा तिच्या कोपरांना लागायचा आणि ती लगेच माझ्याकडे बघायची. हेही माझ्या लक्षात आलं होतं आणि त्याचाही मी उपयोग करून घेतला.

ती फार चांगली विद्यार्थिनी होती. तिनं कधी कुरकूर केली नाही. मला वाटतं, आपल्यालाच नव्हे तर सगळ्यांनाच जग असंच अर्धवट मिळतं आणि बाकीचं हुशारीनं भरून काढायचं असतं, अशी तिची समजूत होती. ताईला त्याची युक्ती माहीत आहे आणि ती आपल्याला शिकवते आहे, म्हणून ती माझ्याकडे ज्या नजरेनं बघायची, तसं नंतर माझ्या पोटच्या पोरांनीही कधी बघितलं नाही.

वसंतातल्या परीक्षेत तिसरी पट्टी चौसष्टवर गेली. बाबांनी नवा कागद जुन्याच्या शेजारी लावला आणि आलेखात एक चढती रेघ काढली. आईनं आंबट साय आणि टांगलेलं दही मिसळून श्रीखंड केलं, पुऱ्या तळल्या, अलार्म वाजला, केतकीनं मान वर केली नाही. शोभाकाकूंना फोन करून बातमी दिली गेली आणि त्यांनी माझी इतकी तारीफ केली, की रविवारच्या मराठी मेळाव्यात दोन आयांनी मला त्यांच्या मुलांनाही शिकवशील का म्हणून विचारलं. मिसेस लिंडक्विस्ट यांची चिठ्ठी आली, की इतकी सुधारणा बघून आनंद वाटला, तूर्त तपासणीचा आग्रह धरत नाही, तरी पुढच्या वर्षी लक्ष ठेवावं. शाळेच्या शेवटच्या दिवशी मी केतकीला आणायला गेले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मला विचारलं, तू तिला नेमकं काय शिकवलंस? मी म्हटलं, लक्ष द्यायला.  मग त्यांनी मला उन्हाळ्याच्या शुभेच्छा दिल्या.

आता मी टेक्ससमध्ये प्लेनोला असते, तिथं माझ्या मुलाच्या शाळेचे निकाल फोनवर येतात. पट्ट्या रंगीत असतात, हिरवी, पिवळी, नारिंगी. माझा नवरा म्हणतो, हिरवी आहे ना, बास. मी मात्र हिरवी पट्टी बघितली की मुलाच्या मागे जाऊन हळूच त्याचं नाव घेते. तो वैतागतो. “मॉम, स्टॉप. आय कॅन हिअर यू.” मी म्हणते, बरं. दोन दिवसांनी पुन्हा घेते.

तिसरीत गेल्यावर ऑक्टोबरात केतकी मधल्या सुट्टीत झोपाळ्यावरून उतरली ती खाली बसली आणि उठेना. शाळेतून फोन आला. घरी आणल्यावर ती सोफ्याची कड घट्ट धरून सांगायला लागली, की घर फिरतंय. तिनं तीनदा उलटी केली. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा कापसाचा बोळा रक्तानं आणि हिरवट पुवानं भिजलेला होता. त्या वेळी आईनं तेलाची पळी नाही काढली. कानाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं, कानाचा स्कॅन काढून घेतला, आणि मग एका प्लॅस्टिकच्या मोठ्या कानावर पेन्सिल ठेवून सांगितलं. पडद्याच्या आत कातडीची एक गाठ वाढत होती, कदाचित तीनचार वर्षांपासून. ती हळूहळू आजूबाजूचं खात जाते. ऐकायची तीन चिमुकली हाडं तिनं खाल्ली होती आणि ती आतल्या कानापर्यंत पोचली होती. दुसऱ्या कानातही पाणी साठलेलं होतं, पण तो वाचवता येईल. डॉक्टर तरुण होते, त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांनी सहज विचारलं, की शाळेत कुणाच्या लक्षात आलं नाही का?

आई म्हणाली, “आलं होतं.”

मग तिनंच विचारलं, की मागच्या वर्षी आलो असतो तर? डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. ते म्हणाले, तेव्हा आतला कान बहुधा शाबूत असता. किती गेलं, किती उरलं, ते आता तपासणीत कळेल. बाबा त्या प्लॅस्टिकच्या कानाकडे बघत होते. त्याचे भाग सुटे करता येत होते, आणि त्यांनी त्यातलं एक हाड हातात घेतलं होतं. ते परत कुठं बसवायचं हे त्यांना सापडत नव्हतं.

पुढचं थोडक्यात सांगते. तीन ऑपरेशनं झाली. डावा कान गेला तो गेलाच. उजव्यात यंत्र आहे आणि त्यावर ती ठीक चालवते. ती मिनेसोटातच डुलुथला नकाशे बनवण्याच्या ऑफिसात आहे, तिचं लग्न झालं आहे, आणि गर्दीच्या हॉटेलात ती नेहमी भिंतीला पाठ लावून बसते. तिनं मला कधी काही विचारलं नाही. हे प्रकरण तिला वाचता येणार नाही, तिला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून मी हे मराठीत लिहिते आहे की काय, असा संशय मला स्वतःलाच येतो. इंग्रजीतही लिहावं लागेल. पण त्या दिवशीची तपासणी अजून सांगायची राहिली आहे.

केतकीला काचेची खिडकी असलेल्या एका जाड भिंतींच्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे हेडफोन घातले. काचेच्या अलीकडे तपासणाऱ्या बाई माइकसमोर बसल्या, त्यांच्यामागे आम्ही तिघं. बाईंनी सांगितलं, मी एकेक शब्द म्हणेन, तू तो परत म्हणायचा. केतकीनं मान डोलावली. मग बाईंनी एक काळं पुठ्ठ्याचं कार्ड तोंडासमोर धरलं. सगळ्यांसमोर धरत असणार, मुलं ओठ वाचतात म्हणून. डाव्या कानापासून सुरुवात झाली. बाई म्हणाल्या, “बेसबॉल.” केतकी क्षणभरही न थांबता म्हणाली, “बर्थडे.” बाई म्हणाल्या, “टूथब्रश.” केतकी म्हणाली, “रेनबो.” पुढच्या शब्दाला ती म्हणाली, “पॉपकॉर्न.” त्याच्या पुढच्याला, “सनशाइन.” स्पीकरमधून तिचा आवाज खणखणीत येत होता. एकही शब्द जुळत नव्हता आणि एकही जागा रिकामी राहत नव्हती. प्रत्येक उत्तरानंतर ती खिडकीतून माझ्याकडे बघत होती, बरोबर चाललंय ना, अशा नजरेनं. दहाबारा शब्दांनंतर बाईंनी कार्ड खाली ठेवलं आणि बाबांना विचारलं, ती गंमत करते आहे का? बाबा म्हणाले, नाही नाही, ती परीक्षेत फार चांगली आहे.

मी विचारलं, मी आत जाऊ का? बाई हो म्हणाल्या. आत गेल्यावर मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, माझं तोंड तिला नीट दिसेल असं. माझा आवाज त्या खोलीत मलाच ऐकू येईना, भिंती तो पिऊन टाकत होत्या.

“केतकी, शब्द ऐकू आला नाही तर ‘ऐकू आलं नाही’ म्हण.”

“पण ब्लँक नाही सोडायचा ना?”

“आज सोडायचा.”

“ऑल ऑफ देम?”

“जेवढे ऐकू येणार नाहीत तेवढे सगळे.”

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. तिला वाटलं असावं, की मी पुन्हा एखादी नवी युक्ती शिकवते आहे. मग तिनं मान डोलावली. मी बाहेर आले, जाड दार लागलं, बाईंनी कार्ड तोंडासमोर धरलं आणि शब्द म्हटला. स्पीकरमध्ये काही वेळ नुसता तिचा श्वास ऐकू आला. मग केतकी मराठीत म्हणाली, कारण मी तिला मराठीत सांगितलं होतं, “ऐकू आलं नाही.”

बाईंनी मागे वळून विचारलं, काय म्हणाली ती? आई खिडकीकडे बघत होती. मी जमिनीकडे. मग बाबा पुढे सरकले आणि इंग्रजीत म्हणाले, तिला ऐकू आलं नाही. बाईंनी कागदावर खूण केली आणि पुढचा शब्द म्हटला. ऐकू आलं नाही. बाबांनी तेही इंग्रजीत सांगितलं. मग पुढचा. चारपाच शब्दांनंतर बाईंना काही विचारायची गरज उरली नाही, त्या आपल्या खुणा करत होत्या. पण केतकी आतून म्हणत राहिली आणि बाबा बाहेरून प्रत्येक वेळी, तितक्याच स्पष्ट आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत सांगत राहिले, की माझ्या मुलीला ऐकू आलं नाही.